फॉर्म न भरलेली माणसं

पुण्यात डिझायनर मंडळींचा एक गट होता. मोबाइलवरची ॲप्स, वेबसाइटी, एटीएमचे पडदे, दवाखान्यातली नंबर लावायची यंत्रं, अशा गोष्टी लोकांना सहज वापरता याव्यात म्हणून काम करणारी ही माणसं. दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी, दुपारी चार वाजता ती एकत्र जमत. त्या जमण्याला सगळे मीटअप म्हणत.

सुरुवात साधी होती. सात-आठ जण एकाच्या घराच्या गच्चीवर सतरंजी टाकून बसत. ज्याने त्याने आपलं चालू काम आणायचं, दुसऱ्याच्या हातात द्यायचं आणि गप्प बसायचं, एवढाच नियम. दुसरा माणूस कुठे अडतो, कुठलं भलतंच बटण दाबतो, कुठून मागे येतो, ते बघायचं. सांगायचं नाही, सुचवायचं नाही. गप्प बसणं सगळ्यांनाच जड जाई. एक जण तर आपल्या एका हाताची बोटं दुसऱ्या हातात घट्ट धरून ठेवी. नाहीतर ती आपोआप पडद्याकडे जात.

मग गट वाढला. गच्ची पुरेना. बाणेरच्या बाजूला एका मोठ्या कंपनीने तिसऱ्या मजल्यावरचा आपला हॉल शनिवारपुरता दिला, तोही फुकट. तिथे प्रोजेक्टर होता, एसी होता, कॉफीचं मशीन होतं. बंगळुरूहून वक्ते येऊ लागले. पवईच्या आयआयटीत १९६९ साली सुरू झालेल्या डिझाइनच्या केंद्रातून शिकलेली मुलं-मुली येऊन आपलं काम दाखवू लागली. नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी जगभर वापरसुलभतेचा दिवस पाळला जातो, २००५ पासून. त्या महिन्यात तर हॉलमध्ये उभं राहायलाही जागा नसे.

गच्चीवरची ती रीत मात्र मागे पडली. शंभर माणसांत कोण कुणाच्या हातात काय देणार? आता एक जण पुढे उभा राहून बोले आणि बाकीचे ऐकत.

हे सगळं जिच्यामुळे चाले तिला सगळे ताई म्हणत. गच्चीवरच्या सात-आठ जणांतल्याच त्या. दिवसा एका कंपनीत बँकांची ॲप्स बनवत आणि रात्री मीटअपची कामं उरकत. हॉलची परवानगी, वक्त्याचं तिकीट, खुर्च्या, चहा, सगळं त्याच बघत. कुणी त्यांना पैसे देत नव्हतं आणि त्यांनी ते कधी मागितलेही नाहीत. आपल्याला जे उशिरा कळलं ते नव्या मुलांना लवकर कळावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

नव्या लोकांना ताई एक गोष्ट हमखास सांगत. अमेरिकेत पालो आल्टोला झेरॉक्स कंपनीचं संशोधन केंद्र होतं. कंपनीने कॉपी काढायचं एक नवं मशीन बाजारात आणलं. जाहिरातीत सांगितलं, हिरवं बटण दाबा, काम झालं. पण गिऱ्हाइकं म्हणू लागली, मशीन फार किचकट आहे. त्या केंद्रात लूसी सचमन नावाची मानववंशशास्त्राची अभ्यासक काम करत होती. तिने मशीनसमोर कॅमेरा लावला आणि लोकांना जोडीजोडीने कॉपी काढायला सांगितलं. त्यातल्या एका जोडीत होते ॲलन न्यूएल आणि रॉन केप्लन. न्यूएल म्हणजे संगणकाला विचार करायला शिकवू पाहणाऱ्या पहिल्या पिढीतला माणूस, १९७५ सालच्या ट्युरिंग पुरस्काराचा मानकरी. केप्लनही संगणक आणि भाषा या विषयातले जाणते. दोघांना एका लेखाच्या पाठपोट कॉप्या काढायच्या होत्या. दोघं मशीनपुढे उभे राहिले आणि अडले. हे दाबून बघ, ते दाबून बघ, पुन्हा पहिल्यापासून. ती फिल्म बघितल्यावर, मशीन वापरणाऱ्यांनाच अक्कल नाही असं म्हणायची सोय कुणाला उरली नाही. पुढे १९८७ साली सचमनने हा अभ्यास पुस्तकात मांडला.

गोष्ट संपली की ताई म्हणत, "माणसाला विचारू नका, माणसाकडे बघा." मुलं ते वाक्य वहीत लिहून घेत.

असं बरीच वर्षं चाललं. मग माणसं कमी होऊ लागली. शंभराची सत्तर झाली, सत्तरांची चाळीस. नवी माणसं नाव नोंदवत, पण खुर्च्या रिकाम्या राहत. एकदा आलेलं माणूस पुन्हा दिसत नसे.

ताईंना काळजी लागली. मीटअप संपताना पडद्यावर एक क्यूआर कोड येई. तो स्कॅन केला की पाच प्रश्नांचा फॉर्म उघडे. ताई त्या रात्री घरी गेल्या की सगळी उत्तरं एक्सेलमध्ये घेत आणि ओळन् ओळ वाचत. पाचपैकी साडेचारच्या खाली आकडा कधी उतरला नव्हता. "विषय छान." "खूप शिकायला मिळालं." "कॉफी गार होती." मग त्यांनी कॉफी गरम राहील अशी सोय केली. मोठ्या नावाचा वक्ता आणला. पिझ्झा आणला. लॅपटॉपवर लावायचे स्टिकर छापले. एखाद्या महिन्यात येणाऱ्यांचा आकडा वर गेला आणि पुढच्या महिन्यात पुन्हा खाली आला.

श्रावणातल्या एका शुक्रवारी जिना उतरताना ताईंचा पाय मुरगळला. शनिवारी त्या काठी घेऊनच आल्या. अर्धा तास लवकर आल्या होत्या. शनिवार असल्याने लिफ्टचं दार कार्डाशिवाय उघडत नव्हतं आणि कार्डवाला मुलगा अजून पोचला नव्हता. गेटवरच्या वॉचमन काकांनी त्यांना आपल्या केबिनमध्ये बसायला खुर्ची दिली. ताई खिडकीपाशी पाय लांब करून बसल्या. बाहेर पावसाची रिपरिप चालू होती.

पावणेचारच्या सुमाराला एक मुलगा आला. विशी-बाविशीचा असेल. पाठीवर सॅक, छातीशी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल. पिशवीतून रंगीत प्रिंटआउटची टोकं दिसत होती. मोबाइलच्या पडद्यांची चित्रं कागदावर छापून आणली होती त्याने. काकांनी रजिस्टर पुढे केलं. त्याने तारीख घातली, वेळ घातली, नाव घातलं, मोबाइल नंबर घातला. पुढचा रकाना होता कंपनीचा. तिथे त्याचं पेन थांबलं.

"कंपनी नाहीये," तो म्हणाला.

"मग कॉलेज टाका."

"कॉलेज संपलं."

"बरं, राहू द्या. कोणाला भेटायचंय?"

"मीटअपला आलोय."

"ते झालं हो. माणसाचं नाव लागतं. इथे बघा, 'कोणाला भेटायचंय'. ते भरल्याशिवाय आत सोडायचं नाही अशी ऑर्डर आहे आम्हाला."

मुलाने फोन काढला आणि आमंत्रण शोधलं. त्यात लिहिलं होतं, तिसरा मजला, सर्वांचं स्वागत आहे. नाव कुणाचंच नव्हतं. काकांनी वर फोन लावला. शनिवारी रिसेप्शन बंद असतं, कुणी उचलला नाही. "थांबा जरा," काका म्हणाले. मुलगा बाजूला सरकून उभा राहिला. तेवढ्यात दोन नेहमीचे आले, गळ्यातलं कार्ड मशीनला लावलं, हसत हसत आत गेले. मुलाने त्यांच्याकडे बघितलं. पिशवीतल्या फाइलकडे बघितलं. मग तो पुन्हा रजिस्टरपाशी आला आणि आपण लिहिलेल्या ओळीवर त्याने एक सरळ रेघ मारली.

"मी चुकून आलो वाटतं, काका," असं म्हणून तो चालू लागला.

ताई उठल्या. काठी शोधेपर्यंत वेळ गेला. केबिनबाहेर येऊन त्यांनी हाक मारली, पण रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट होता. मुलगा पलीकडच्या स्टॉपवर पोचला होता. बस आली आणि तो चढला.

कार्डवाला मुलगा आला आणि म्हणाला, "ताई, चला, लिफ्ट उघडलीय." ताई म्हणाल्या, "तुम्ही सुरू करा. मी इथेच थांबते."

मग दोन मुली चिंब भिजून आल्या. नकाशाने त्यांना मागच्या गेटवर नेलं होतं. ते शनिवारी बंद असतं, म्हणून इमारतीला पूर्ण वळसा घालून त्या पुढे आल्या होत्या. त्यांच्या मागून पन्नाशीचे एक गृहस्थ आले, शर्टाच्या खिशाला पेन. काका त्यांना ओळखत होते. भोसरीला त्यांचं छोटं वर्कशॉप होतं आणि कामानिमित्त या इमारतीत त्यांची ये-जा असे. ते सहज वर गेले. वीस मिनिटांत खाली आले.

"झालं का एवढ्यात?" काकांनी विचारलं.

"नाही हो. आतल्या लोकांचं काहीतरी चाललंय. सगळे एकमेकांच्या ओळखीचे. मी आपला चुकून आलो." त्यांनी छत्री उघडली आणि ते गेले.

ताईंनी काकांना विचारलं, "हे दर वेळी होतं?"

"होतं की. तीन-चार जण तरी जातात परत. सगळे हेच म्हणतात, चुकून आलो."

संध्याकाळी फॉर्म आले. पाचपैकी चार पूर्णांक सात. ताईंनी तो आकडा खूप वेळ बघितला. वरच्या हॉलमध्ये जे शेवटपर्यंत बसले होते त्यांनी तो दिला होता. रजिस्टरमध्ये आपल्या नावावर रेघ मारून गेलेल्या मुलापर्यंत तो फॉर्म पोचलाच नव्हता. पोचला असता तरी त्याने काय लिहिलं असतं? डॉन नॉर्मन १९९३ साली ॲपलमध्ये गेले तेव्हा त्यांनी आपल्या हुद्द्याच्या नावातच 'युजर एक्सपीरियन्स' हे शब्द घालून घेतले. त्याच नॉर्मननी १९८८ सालच्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे, की एखादी वस्तू वापरता आली नाही की माणूस वस्तूला बोल लावत नाही, स्वतःला लावतो. ताईंनी ते पुस्तक किती जणांना वाचायला दिलं होतं!

पुढच्या आठवड्यात त्यांनी बरोबरच्या चार-पाच जणांना बोलावलं आणि गेटवर पाहिलेलं सांगितलं. लगेच उपाय सुचू लागले. कुणी म्हणालं, गेटवर क्यूआर लावू. कुणी म्हणालं, व्हॉट्सॲपवर पास पाठवू. कुणी म्हणालं, आपलंच एक छोटं ॲप करू, दोन रात्रींचं काम आहे.

"आधी बघू," ताई म्हणाल्या. "गच्चीवर बघत होतो तसं. पुढच्या शनिवारी एकेकाने एकेक जागा धरायची. गेट, लिफ्ट, हॉलचं दार, मागची रांग. बघायचं आणि लिहायचं. बोलायचं नाही."

"आणि कुणी परत निघालं तर?"

"त्याला जाऊ द्यायचं नाही. त्याच्याबरोबर चहा प्यायचा."

त्या शनिवारी त्यांनी बघितलं. जेकब निल्सन यांनी २००० साली एक लेख लिहिला होता. एका तऱ्हेची पाच माणसं नीट बघितली तरी सुमारे ८५ टक्के अडचणी समोर येतात, असं त्यात म्हटलं होतं. या मंडळींना ते तोंडपाठ होतं, पण स्वतःच्या दारात करून बघायचं कुणाला सुचलं नव्हतं. पाचवं नवं माणूस आत येईपर्यंत वह्यांत तेच तेच लिहिलं जाऊ लागलं.

नकाशा मागच्या गेटवर नेतो. रजिस्टरमध्ये नाव विचारतात आणि आमंत्रणात नाव नाही. लिफ्टला कार्ड लागतं. हॉलच्या काचेच्या दाराला ओढायची मूठ आहे, पण दार ढकलल्यावर उघडतं. असल्या दाराला या क्षेत्रात नॉर्मनचं दार म्हणतात आणि त्यावर इथे एक अख्खं व्याख्यान झालं होतं. त्या दारावर कधीकाळी 'ढकला' असा कागद चिकटवलेला होता. तो निम्मा फाटला होता. नेहमीच्यांचे हात सवयीने ढकलत. नवं माणूस ओढे, दार हले, आवाज होई आणि आतली चाळीस डोकी मागे वळून बघत. नवं माणूस ओशाळून हसे आणि दाराजवळची शेवटची खुर्ची धरे. सगळी नवी माणसं शेवटच्या रांगेत होती. मध्यंतरात नेहमीचे गोल करून उभे राहत आणि नवे मोबाइल बघत. प्रश्न विचारायचा माइक पुढे होता आणि त्यावर सगळं इंग्रजीत चाले. मागच्या रांगेतून कुणी उठून तिथवर गेलं नाही.

एकेकाची वही वाचून झाली तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. ज्याने दोन रात्रींत ॲप करतो म्हटलं होतं, तोच म्हणाला, "यातलं एकही ॲपने सुटणारं नाही."

मग त्यांनी जागाच बदलली. बसस्टॉपला लागून एका शाळेतला तळमजल्यावरचा वर्ग शनिवारी दुपारी रिकामा असे. शाळेने तो चहाच्या खर्चाएवढ्या भाड्यात दिला. एसी गेला, प्रोजेक्टर गेला. आमंत्रणात एक नाव आणि एक नंबर आला. दारात दर महिन्याला एक जण उभा राहू लागला, तोही आळीपाळीने, म्हणजे प्रत्येकाला दार दिसावं. बाकं भिंतीला लावून सहा-सहा जणांचे गोल केले, आणि एका गोलात नेहमीचे दोनच, असं ठरवलं. बोलणं मराठी, हिंदी, इंग्रजी, ज्याला जसं येईल तसं. व्याख्यान अर्ध्या तासावर आलं आणि उरलेल्या वेळात गच्चीवरची रीत परत सुरू झाली.

पहिल्या महिन्यात माणसं आणखी कमी झाली. बंगळुरूच्या वक्त्यांसाठी येणारे आले नाहीत. ताई त्याला तयार होत्या. दिवाळीनंतर हळूहळू माणसं येऊ लागली, आणि मुख्य म्हणजे आलेली पुन्हा येऊ लागली.

फाइलवाला मुलगा मात्र आला नाही. रजिस्टरमध्ये त्याचा नंबर होता, पण तो त्याने गेटसाठी दिलेला, ताईंसाठी नव्हे. शिवाय त्यावर त्याने स्वतः रेघ मारली होती. ताईंनी तो घेतला नाही.

भोसरीचे गृहस्थ आले. वॉचमन काकांनीच त्यांना निरोप दिला होता. येताना त्यांनी गोणपाटात गुंडाळून एक जड पॅनल आणलं. त्यांच्याकडे प्लॅस्टिकचे भाग साच्यात ओतायची मशिनं होती. त्यातल्या एकाला त्यांनी हौसेने नवा टचस्क्रीन बसवून घेतला होता. कामगार ते मशीन टाळत आणि जुन्याच मशीनवर रांग लावत. "विचारलं की म्हणतात, मालक, चांगलंय," ते म्हणाले. "मग वापरत का नाहीत ते कळेना."

पॅनल बाकावर ठेवलं, तारा जोडल्या. एका मुलीला सांगितलं, मशीन चालू करा आणि साचा उघडा. ती पडद्याकडे बोट नेणार तोच गृहस्थांनी खिशातून सुती हातमोजे काढले. "हे घालून. साचा तापलेला असतो."

तिने मोजे घातले. बटण दाबलं, काही झालं नाही. जोराने दाबलं, तरी काही नाही. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा शेजारचं लागलं आणि पडदा लाल झाला. ती म्हणाली, "सॉरी, मलाच जमत नाहीये." दुसऱ्याने मोजे घातले. तोही थोड्या वेळाने म्हणाला, "माझंच काहीतरी चुकतंय." दिवसभर पडदेच आखणारी ही माणसं. गृहस्थ आधी त्यांच्याकडे आणि मग आपल्या पॅनलकडे बघत राहिले. त्यांच्या बारा कामगारांनी इतके महिने काय केलं होतं, ते त्यांना आता समोर दिसत होतं.

गोष्ट सांगताना मध्ये फार बोलू नये, पण इथे थोडं थांबावंसं वाटतं. जो दारातून मागे फिरतो तो भांडत नाही. तो आपलंच चुकलं असं म्हणतो आणि जातो, म्हणून आत बसलेल्यांना सगळं ठीक वाटत राहतं. ताईंना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पालो आल्टोची गोष्ट त्यांनी वर्षानुवर्षं सांगितली होती आणि मनापासून सांगितली होती. त्यांचं ज्ञान तिसऱ्या मजल्यावर होतं आणि गरज तळमजल्यावर, गेटपाशी होती. आपण ज्यांच्यासाठी राबतो त्यांच्यातलं कोण आपल्यापर्यंत पोचतच नाही, हे आतून दिसत नाही. त्यासाठी उठून दारापाशी जावं लागतं, आणि तिथे हातचं काम सोडून थोडा वेळ नुसतं बसावं लागतं.

त्या दिवशी पॅनलभोवती अंधार पडेपर्यंत गर्दी होती. बटणं मोठी करावीत का, टचस्क्रीन काढून साधी दाबायची बटणं लावावीत का, यावर तीन गोलांत तीन मतं पडली. गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं आणि पॅनल पुन्हा गोणपाटात बांधलं. जाताना ते ताईंना म्हणाले, "पुढच्या शनिवारी ऑपरेटरलाच घेऊन येऊ का?"

"जरूर आणा," ताई म्हणाल्या. "पण तिसऱ्या शनिवारी त्याची पाळी कुठली असते ते आधी विचारा. दुपारपाळी असेल तर आम्ही रविवारी भोसरीला येतो."